काल पोचणारं विमान

भाच्याला मी चौदा तारखेला सकाळी आठ वाजता वाढदिवसाचा फोन केला होता. तो म्हणाला, इथं दुपारचे साडेतीन झालेत, कामावर आहे, नंतर बोलू. दुसऱ्या दिवशी, म्हणजे पंधरा तारखेला, दहाच्या सुमाराला मी कुकर लावत होते तेव्हा त्याचाच फोन आला.

"आत्या, आज माझा वाढदिवस."

"काल झाला की रे!"

"कालचा आपियाला झाला. आजचा पागो पागोला. सकाळी विमानात बसलो तेव्हा पंधरा तारीख होती. उतरलो तर चौदा."

मला वाटलं पोरगा चेष्टा करतोय. लहानपणापासून त्याला ती खोड आहे. पण तो हिशेब सांगायला लागला आणि मी गॅस बारीक करून खुर्चीवर बसले. आणखीही एक गोष्ट त्यानं त्या फोनमध्ये सांगितली. ती शेवटी सांगते, कारण ती समजायला आधी हे विमानाचं प्रकरण समजावं लागतं. मला ते समजायला दोन दिवस गेले.

भाचा ऑकलंडला असतो. मोठ्या शीतगृहांची यंत्रं दुरुस्त करणं हे त्याचं काम. त्या कामासाठी तो प्रशांत महासागरातल्या बेटांवर जातो. मुलीचा शाळेतला अ‍ॅटलास माळ्यावरून काढला, धूळ झटकली आणि चष्मा लावून शोधलं. न्यूझीलंडच्या उत्तरेला, बऱ्याच वर, निळ्या कागदावर मोहरी सांडावी तसे ठिपके आहेत. त्यांतले काही ठिपके म्हणजे सामोआ हा स्वतंत्र देश. त्याच्या पूर्वेचे ठिपके म्हणजे अमेरिकन सामोआ, अमेरिकेच्या ताब्यातला प्रदेश. पहिल्याचा विमानतळ फालेओलो, आपिया शहरापासून जरा दूर. दुसऱ्याचा पागो पागो. लिहितात तसं, म्हणतात मात्र पांगो पांगो. दोन विमानतळांमध्ये दीडशे किलोमीटरच्या आसपास अंतर. छोटं विमान साधारण पाऊण तासात पोचतं. बोटीनं गेलं तर रात्र जाते.

दीडशे किलोमीटर म्हणजे काय ते आम्हा बेळगावकरांना सांगायला नको. कोल्हापूर एकशे दहा. सांगली त्याहून थोडी पुढं, पण दीडशेच्या आतच. सांगलीला माझं माहेर. भाचा आहे तो माझ्या थोरल्या भावाचा, दादाचा मुलगा.

तर त्या पाऊण तासात घड्याळ बदलत नाही. आपियाला सकाळचे दहा वाजले असतील तर पागो पागोलाही दहाच वाजलेले असतात. सूर्यही जवळपास तेवढाच वर आलेला असतो. बदलते ती तारीख. पंधराची चौदा होते, मंगळवारचा सोमवार. पासपोर्ट दाखवावा लागतो, नोटा बदलतात. उतरल्यावर रस्त्याची बाजूही बदलते, कारण सामोआत गाड्या डावीकडून चालतात आणि पलीकडे उजवीकडून. भाषा मात्र दोन्हीकडे तीच, चर्चमधली गाणी तीच, आडनावं तीच. कित्येक घरांतले अर्धे लोक इकडे आणि अर्धे तिकडे. दीर तिकडे, नणंद इकडे, असं.

ही फाळणी 1899 ची. जर्मनी, अमेरिका आणि ब्रिटन यांनी करार केला. पश्चिमेची बेटं जर्मनीला गेली, पूर्वेची अमेरिकेला. ब्रिटननं त्याबदल्यात दुसरीकडे काही घेतलं. पहिल्या महायुद्धात, 1914 ला, जर्मनीची बेटं न्यूझीलंडनं घेतली आणि 1962 च्या 1 जानेवारीला ती स्वतंत्र झाली. बेटांवर राहणाऱ्यांनी एकमेकांपासून तुटायचं ठरवलं होतं असं यात कुठंच नाही. सीमेवरच्या गावात आयुष्य गेलेल्या बाईला याचं नवल वाटत नाही. रेघ कागदावर मारतात, माणसं तिच्या दोन्ही अंगांना आधीपासून राहत असतात. असो, त्या विषयाला हात घातला तर हा लेख सांगलीला पोचायचा नाही.

तारखेची गोष्ट मात्र वेगळी. ती सामोआनं स्वतः केली, आणि एकदा नव्हे, दोनदा. 1892 साली तिथल्या व्यापाराचं तोंड अमेरिकेकडे होतं. अमेरिकेची तारीख सोयीची, म्हणून राजानं रेघ ओलांडायचं ठरवलं आणि त्या वर्षी 4 जुलै हा दिवस दोनदा आला. लीप वर्ष होतं. म्हणजे सामोआत 1892 साली 367 दिवस झाले. पुढं शंभरावर वर्षं गेली, व्यापार ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडकडे वळला. इकडे शुक्रवार तेव्हा तिकडे शनिवार, दुकानं बंद. इकडे रविवारची प्रार्थना तेव्हा तिकडे सोमवारची कामं सुरू. आठवड्यातले दोन दिवस वाया जायला लागले. मग सरकारनं कायदा करून रेघ पुन्हा ओलांडली. 2011 च्या डिसेंबरात गुरुवारी 29 तारखेला लोक झोपले आणि मध्यरात्र उलटली ती थेट शनिवार 31 तारखेत. 30 डिसेंबर हा शुक्रवार त्या देशात उगवलाच नाही. अमेरिकन सामोआ होता तिथंच राहिला. म्हणून पाऊण तासाच्या विमानाला एक अख्खा दिवस लागतो, किंवा उलट दिशेनं गेलं तर परत मिळतो.

मला यात सगळ्यात आवडलं ते हे, की 1892 ला जास्तीचा घेतलेला दिवस 119 वर्षांनी परत केला गेला. घेणारे वेगळे, देणारे वेगळे. पणजोबांनी एक सुट्टी दोनदा साजरी केली आणि पणतवंडांचा एक शुक्रवार गेला.

सासूबाई असत्या तर त्यांना या गोष्टीचं एवढं आश्चर्य वाटलं नसतं. आमच्याकडे भिंतीवर पंचांग असायचं आणि त्यात तिथींचा क्षय आणि वृद्धी हे नेहमीचंच. एखादी तिथी सूर्योदय बघतच नाही, तिचा क्षय. एखादी दोन सूर्योदयांना असते, तिची वृद्धी. अष्टमी-चतुर्दशीचा उपवास करणाऱ्या बाईला हे बघावंच लागतं. घटिकांचे बारकावे त्यात पुष्कळ आहेत, ते सोडा. पण सासूबाईंनी एक मात्र मला बजावून ठेवलं होतं. तिथीचा क्षय होतो, वाराचा होत नाही. तिथी चंद्राच्या हातात आहे. रविवारनंतर सोमवार हे मात्र पक्कं. सामोआत नेमकं उलटं झालं. चंद्र आपल्या गतीनं चालत राहिला आणि वाराचाच क्षय झाला.

मग मला पहिला प्रश्न पडला तो बायकांना पडावा तोच. त्या शुक्रवारी ज्यांचा उपवास असेल त्यांनी काय केलं?

असा पेच तिथं खरोखरच पडला होता. सेव्हन्थ-डे अ‍ॅडव्हेंटिस्ट नावाचा एक ख्रिस्ती पंथ आहे. ते रविवार पाळत नाहीत, सातवा दिवस म्हणजे शनिवार पाळतात. शुक्रवारच्या सूर्यास्तापासून शनिवारच्या सूर्यास्तापर्यंत काम बंद. आता शुक्रवारच गेला. सात दिवस मोजत गेलं तर सातवा दिवस येतो तो नव्या कॅलेंडरातल्या रविवारी. शनिवार या नावाला धरून बसलं तर मोजणीत सहाच दिवस होतात. चर्चच्या प्रमुखांनी मोजणी धरली आणि रविवारी जमायचं ठरवलं. काहींना ते पटलं नाही. ते शनिवारीच जमू लागले. एकाच पंथाची माणसं, एकाच गावातली, वेगवेगळ्या दिवशी प्रार्थना करायला लागली, आणि दोघांनाही आपण जुनंच पाळतोय असं वाटत होतं. दोघांचंही खरं होतं.

गणती पाळायची की नाव पाळायचं? मी यावर बराच विचार केला. सुरुवातीला मला गणतीवाले बरोबर वाटले. नाव काय, कुणीही बदलेल. पण मग गणती तरी कुणाची? मॅगेलनच्या मोहिमेतलं एक जहाज पृथ्वीला फेरी घालून 1522 च्या जुलैत केप व्हर्दे बेटांना लागलं तेव्हा जहाजावर बुधवार होता आणि किनाऱ्यावर गुरुवार. त्या जहाजावर पिगाफेट्टा नावाचा इटालियन होता. तो रोज न चुकता नोंदी लिहायचा. तो चक्रावून गेला, कारण त्याचा एकही दिवस चुकलेला नव्हता. गणती बिनचूक होती आणि तरी एक दिवस कमी भरला. पश्चिमेकडे सूर्यामागं जात राहिलं की रोजचा दिवस थोडा थोडा लांबतो, आणि सगळी फेरी झाली की एक सूर्योदय कमी बघितलेला असतो. म्हणजे प्रामाणिक गणतीसुद्धा तुम्ही कुठून कुठं गेलात त्यावर अवलंबून.

सासूबाई एकदा इंदूरला नणंदेकडे गेल्या असताना अष्टमी कुठली धरायची यावरून दोन पंचांगांत फरक निघाला होता. त्यांनी वाद घातला नाही. "ज्या गावचं पाणी प्यायचं त्या गावचा सूर्य धरायचा," एवढं म्हणाल्या आणि नणंदेबरोबर उपवास केला. तेव्हा मला ते फार सोपं वाटलं होतं. आता वाटतं, दुसऱ्याच्या घरात गेल्यावर आपली मोजणी खाली ठेवायची हे काही सोपं नाही.

अर्थात यावर दादा काय म्हणेल ते मला माहीत आहे. मग सगळंच सोयीनं ठरवायचं का? आज या गावचा सूर्य, उद्या त्या गावचा? दादा नियमाचा माणूस. आणि त्याचं हे म्हणणं उडवून लावण्यासारखं नाही. ज्याला रेघ हवी तिथं ओढता येते तो आपल्या चुकाही रेघेच्या पलीकडे ढकलू शकतो. म्हणून मला सामोआच्या सरकारची एक गोष्ट फार बरी वाटली. न उगवलेल्या शुक्रवारचा पगार कामगारांना द्यायचा, असं त्यांनी ठरवून टाकलं. दिवस सोयीसाठी काढला, पण त्याची किंमत रोजंदारीवाल्याच्या खिशातून काढली नाही. सोय बघणं वाईट नाही. सोय कुणाची आणि भुर्दंड कुणाला, हे आधी बघावं.

आता दादाकडे येते.

पागो पागोचा मोठा धंदा टुना माशांचा. मासे पकडून आणतात, कारखान्यात डबे भरतात, ते अमेरिकेला जातात. बेटावरच्या कित्येकांचं पोट त्यावर आहे. एवढे मासे म्हणजे थंड कोठारं आली, आणि थंड कोठारं म्हणजे माझा भाचा आला. तो मासे मारत नाही, विकत नाही, खात तर नाहीच. कॉम्प्रेसर दुरुस्त करतो. पण ज्या घरात पाणी गाळल्याशिवाय हंड्यात पडत नाही त्या घरातला मुलगा माशांची कोठारं चालू ठेवतो, हे दादाला दोन वर्षांपूर्वी कळलं आणि त्यानं बोलणं टाकलं. आरडाओरडा नाही, शाप नाही. फक्त फोन आला की वहिनीकडे द्यायचा. वहिनी बोलायची आणि दादा दुकानाची वही उघडून बसायचा.

मला दोघांचंही कळत होतं. भाचा म्हणायचा, "आत्या, दुधाचं कोठार दुरुस्त केलं तर चालतं, लसींचं केलं तर पुण्य, मग यंत्राला काय कळतं आत काय ठेवलंय?" दादा म्हणायचा, "यंत्राला कळत नाही म्हणून तर माणसाला कळायला पाहिजे." माझ्याकडे याचं उत्तर नाही. मी रेशमी साड्या नेसलेली बाई आहे. लग्नातला शालू अजून कपाटात आहे. कुणाचं पाप किती लांबून लागतं, हा हिशेब मला जमलेला नाही.

पण मी एक करू शकत होते. सांगलीला जाऊन दादाजवळ बसू शकत होते. आई गेल्यावर त्याला हात धरून बोलणारं असं मीच आहे. वहिनीनं दोनदा सुचवलं, "वन्सं, तुम्ही येऊन बोला." मी दरवेळी म्हणाले, येते, येते, पण लांब पडतं हो. सण झाला की येते. पाऊस संपला की येते. दोन वर्षं.

सासूबाईंचं दिग्व्रत होतं. चारी दिशांना कुठवर जायचं याची मर्यादा घालून घ्यायची, गावांची, नद्यांची नावं घेऊन, आणि आयुष्यभर त्यापलीकडे पाऊल टाकायचं नाही. आपली हाव आणि आपल्या हातून होणारी हिंसा तेवढ्याच टापूत राहावी म्हणून. त्यांनी उत्तरेची मर्यादा पुष्कळ लांब ठेवली होती, कारण सम्मेदशिखरजीची यात्रा राहिली होती. त्या व्रतात राहूनही ती बाई हिंडली पुष्कळ. मी कुठलंच दिग्व्रत घेतलेलं नाही. तरी माझ्या पायांनी निपाणीच्या पलीकडे एक रेघ ओढून ठेवली होती आणि मी तिला 'लांब' असं नाव दिलं होतं. सांगली लांब नव्हती. दादाच्या समोर बसून त्याचं गप्प राहणं सोसायचं, ते लांब होतं.

अ‍ॅटलास मिटताना मला हेही जाणवलं की त्या विमानानं परत मिळतं ते दिवसाचं नाव फक्त. भाच्याची दाढी एका दिवसानं वाढलेलीच होती. आपियाला घालवलेले चोवीस तास त्याच्या अंगावरून गेलेच. दादा एकसष्टचा आहे, गेल्या पावसाळ्यात त्याचा गुडघा सुजला होता, आणि कुठलंही सरकार कायदा करून ती दोन वर्षं त्याच्या वयातून काढणार नाही. पण नाव परत मिळतं हेही थोडं नाही. वाढदिवस, वायदा, पगार, उपवास, सगळं नावालाच बांधलेलं आहे. आणि 'उशीर' हा शब्दसुद्धा. उशीर काही घड्याळात नसतो. घड्याळ फक्त वेळ दाखवतं. उशीर झाला की नाही ते वाट बघणारा ठरवतो.

आता फोनमधली ती राहिलेली गोष्ट.

"आत्या, बाबांचा फोन आला होता."

मी काही बोललेच नाही. मला वाटलं कुणाला काही झालं.

"आत्ताच, तासाभरापूर्वी. स्वतः केला. म्हणाले, उशीर झाला, काल तुझा वाढदिवस होता. मी म्हटलं, नाही झाला बाबा. इथं अजून चौदाच आहे."

"मग?"

"मग त्यांना पटेना. मी सगळं समजावलं, विमानाचं, रेघेचं. ते म्हणाले, असं कसं होईल, वाराचा कधी क्षय होतो का?"

मला हसू आलं आणि डोळ्यांत पाणीही. दादानं काल दिवसभर फोनकडे बघितलं असणार, रात्री उचलून परत ठेवला असणार. मी त्याला ओळखते. चौदा तारीख निघून गेली हे बघूनच त्याला आज करता आला असेल. उशीर झाला म्हणायला सुचलं, तेवढं एक वाक्य हाताशी होतं. आणि पोरानं तेही त्याच्या हातातून काढून घेतलं, प्रेमानं.

"कारखान्याचं काही?" मी विचारलं.

"त्यांनी विचारलं नाही. मीही बोललो नाही. जेवायला काय मिळतं ते विचारलं. मी सांगितलं केळी, नारळ आणि नीरफणस. नीरफणस म्हटल्यावर खूश झाले. गोव्याला त्यांनी खाल्लाय म्हणे."

"आणि ते तारो का काय, अळूचे कंद, ते?"

"ते नाही सांगितलं."

"बरं केलंस," मी म्हटलं, आणि मग मला वाटलं की हे मी बोलायला नको होतं.

कुकरच्या शिट्ट्या किती झाल्या ते मोजायचं राहून गेलं होतं. भात मऊ झाला. आमच्या ह्यांनी काही न बोलता खाल्ला.

या शनिवारी मी सांगलीला निघाले आहे. वहिनीला कळवलंय, दादाला सांगू नका म्हटलंय. सकाळची गाडी धरली तर जेवणाच्या वेळेला पोचते.